बेड नंबरची वही: कोविड वॉर्डातल्या एका ताईचं प्रकरण

आधीच सांगते, हे लिहायच्या आधी तिला विचारलं, लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं, तिने दोन परिच्छेद काढायला लावले ते काढले. नाव तर नाहीच, घरातले आणि नोकरीतले काही तपशीलही बदललेत. इथे मी तिला नुसतं ताई म्हणते. वयाने ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे पण आमच्या चर्चच्या मंडळीत लहानथोर सगळेच तिला ताई म्हणतात, नर्स आहे ना, कुणाचं बीपी बघायचं असलं की बोलवा ताईला.

मी शाळेतून रिटायर झालेली बाई. महिला मंडळात काम करते, समुपदेशनाचा एक छोटा कोर्स केलाय, पण मी थेरपिस्ट नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

पार्श्वभूमी

ताई मूळची नगर जिल्ह्यातली, श्रीरामपूरकडची. तिकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या मुली नर्सिंगला गेल्या तशी हीपण गेली, पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, घोरपडीत संसार मांडला. नवरा एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, मुलगी तेव्हा आठवीत होती. वीस वर्षांतली बरीचशी नोकरी आयसीयूत झालेली, म्हणजे मरण बघायची सवय नव्हती असं कुणी म्हणू नये.

पण २०२१ चा एप्रिल वेगळाच होता. पुण्यात राहिलेल्या कुणालाही तो सांगायला नको. बेड नाही, रेमडेसिविरसाठी मेडिकलबाहेर रांगा, ऑक्सिजन किती तास पुरेल याचा हिशोब वॉर्डातले लोक कागदावर करतायत. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, मग सिस्टर लोक वॉर्डातला एक मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेशंटच्या कानाला धरायचे, घरच्यांचा आवाज तरी ऐकू यावा म्हणून. ताईने हे किती वेळा केलं ते तिला तेव्हा सांगता यायचं नाही. काही जणांचं ते शेवटचं बोलणं ठरलं, पलीकडून मुलगी बाबा बाबा करतेय आणि इकडे ही मास्कच्या आतून सांगतेय की ऐकतायत ते, बोल तू.

त्याच दिवसांत तिचा सख्खा मोठा भाऊ शहरातल्या दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाला आणि चौथ्या दिवशी गेला. ताई ड्युटीवर होती, पीपीई घातलेलं, फोन लॉकरमध्ये. बाहेर येऊन बघते तर सतरा मिस्ड कॉल. मातीला जाता आलं नाही. शवपेटी उघडायची नव्हतीच, पीपीई घातलेली चार माणसं, पाळकसाहेबांनी लांब उभं राहून प्रार्थना केली, आणि हे सगळं तिने व्हॉट्सॲपवर आलेल्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत बघितलं. तिसऱ्या दिवशी परत ड्युटी. माणसंच नव्हती, काय करणार.

अडचण काय होती

बाहेरून दिसत होतं ते एवढंच की ताई चर्चला यायची बंद झाली. २०२२ च्या सुरुवातीला तिने नोकरी सोडली तेव्हा लोक म्हणाले थकली असेल. मग म्हणाले विश्वासात थंड पडली. मीपण मनात तेच म्हटलं होतं, कबूल करते.

सप्टेंबरमध्ये मी तिच्या घरी गेले तेव्हा खरं काय ते हळूहळू बाहेर आलं. चर्चच्या दारात आमचा एक तरुण सॅनिटायझरची बाटली घेऊन उभा असायचा, प्रत्येकाच्या हातावर दोन थेंब. तो वास आला की ताईचे पाय तिथेच थिजायचे, घाम फुटायचा, दोनदा ती तशीच रिक्षा करून परत गेली आणि घरी सांगितलं डोकं दुखतंय. एकदा मुलीला दाताच्या डॉक्टरकडे नेलं, तिथे बाहेर माशांची टाकी, तिच्यातल्या बुडबुड्यांचा आवाज थेट ऑक्सिजनच्या पाण्याच्या बाटलीसारखा, ही मुलीला आत सोडून जिना उतरून रस्त्यावर. फोन व्हायब्रेट झाला की दचकायची. रात्री दोन-तीन तास झोप, त्यातही वॉर्ड. मुलीवर ओरडायची, मग तासभर बाथरूममध्ये रडायची.

आणि प्रार्थना. ती म्हणाली, "बाई, मी हे प्रभू म्हणते आणि पुढे काही येतच नाही. शास्त्र उघडलं तरी अक्षरं नुसती दिसतात." शास्त्र म्हणजे आमचं बायबल.

समोर काय काय मार्ग होते

मी पाळकसाहेबांना भेटले, तिच्या नवऱ्याशी बोलले. तिघांचे तीन विचार होते. नवरा म्हणत होता नोकरी परत धरली की आपोआप ठीक होईल. पाळकसाहेबांचं म्हणणं, घरी प्रार्थना सभा ठेवू, तेल लावून प्रार्थना करू, उपास धरू. मला वाटत होतं तिला लिहायला सांगावं, कारण माझे यजमान गेले तेव्हा मला त्यानेच उभं केलं होतं. डॉक्टरकडे न्यावं हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात पहिलं आलं नाही, ताई स्वतः नर्स असून तिच्याही नाही.

ते डोक्यात आणून दिलं माझ्या भाचीने, ती सामाजिक काम करते. तिने विचारलं, मावशी हे किती दिवस चाललंय? मी म्हटलं दीड वर्ष. ती म्हणाली, अशी लक्षणं महिन्याच्या वर टिकली की डॉक्टर त्याच्याकडे पीटीएसडी म्हणून, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मनाचा आजार म्हणून बघतात, वही देऊन थांबू नको. ताईचा नवरा तयार होईना, लोक काय म्हणतील. मी त्यांना शास्त्रातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवून दिली, राजे पहिले, अध्याय १९. एलीया झुडपाखाली बसून म्हणतो प्रभू आता पुरे, माझा प्राण घे, आणि देव त्याला काय देतो, तर झोप आणि भाकर, दोनदा. बोलणं नंतर. ते पटलं की काय माहीत नाही पण ऑक्टोबरमध्ये ते तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेले. गोळी सुरू झाली, सर्ट्रालीन, असर यायला चार-सहा आठवडे लागतील हेही सांगितलं, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशक मॅडमकडे जायचं ठरलं.

वहीबद्दल मॅडमना विचारलं तर त्यांनी एकदम हो पण म्हटलं नाही आणि नाही पण नाही. जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ मध्ये छापून आलेला प्रयोग त्यांनी सांगितला, विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या घावाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहिल्या लिहिल्या त्यांना आणखी वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मॅडम म्हणाल्या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, आधी वाईट वाटतं ही आणि वेळ मोजून लिहायचं ही. आणि तिसरी, झेपत नाही असं वाटलं तर त्याच क्षणी पेन खाली. अर्धवट वाक्यात सुद्धा.

पहिली वही, जी चुकली

एवढं ऐकूनही मी काय केलं तर अप्पा बळवंत चौकात जाऊन छान पुठ्ठ्याची वही आणली, पहिल्या पानावर लिहिलं "उपकारस्मरण" आणि ताईला सांगितलं रोज रात्री झोपायच्या आधी देवाचे तीन उपकार लिही. मंडळीत आपण हेच शिकवतो. माझ्या दुःखात मला हे लागू पडलं होतं.

तिने नऊ दिवस लिहिलं. नंतर ती वही मला दाखवली. पहिल्या दिवशी मुलगी, नवरा, घर. दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी फक्त "श्वास". नर्सने श्वास लिहिलाय म्हणजे तिला काय दिसत असेल तेव्हा, ते मला वाचतानासुद्धा कळलं नाही, मी म्हटलं वा किती छान. नवव्या दिवशी लिहिलं होतं, मी जिवंत आहे हा उपकार मला नको होता.

इथे दोन चुका एकदम झाल्या. एक म्हणजे वेळ रात्रीची, सगळं वर यायचं आणि वही मिटून त्याच अंधारात झोपायचं. दुसरी जास्त मोठी. जिच्या मनात देवाविरुद्ध एवढी मोठी फिर्याद अडकलीय तिला मी आधी आभार मानायला बसवलं. ती प्रामाणिक बाई, खोटं लिहिणं जमेना, आणि आभार मानता येत नाहीत म्हणून आणखी एक पाप डोक्यावर.

माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, तिने संत इग्नाशियसच्या पद्धतीचं संध्याकाळचं आत्मपरीक्षण सुचवलं, दिवस परत आठवायचा, देव कुठे होता ते बघायचं. सोळाव्या शतकापासून चालत आलेली चांगली रीत आहे, पण तीही दिवस संपतानाची. मॅडम म्हणाल्या आत्ता नको, हिला दिवस संपताना मागे वळायला लावू नका. ती बाजूला ठेवली.

दुसरी वही

नोव्हेंबरमध्ये परत सुरुवात केली ती साध्या दोनशे पानी वहीत. यावेळी शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतून. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, आपण उपासनेत ती फारशी वाचत नाही, मी स्वतः शब्बाथ शाळेत वर्षानुवर्षं तेविसावं शिकवलं, तेरावं कधीच नाही. तेरावं सहाच ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत नुसतं कोठवर, कोठवर, चार वेळा. मधल्या दोन ओव्यांत मागणं. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. आणि अठ्ठ्याऐंशीवं आहे ज्यात शेवटपण अंधारातच होतो, भरवशाकडे वळण नाहीच, तरीही ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही.

रीत अशी ठरली. सकाळी चहा झाल्यावर, खिडकीपाशी. मुलीच्या अभ्यासाचं टेबलावरचं छोटं घड्याळ लावायचं, मोबाइलचा गजर नाही कारण मोबाइलचाच त्रास होता. पंधरा मिनिटं. वरती स्तोत्राची एक ओवी स्वतःच्या अक्षरात उतरवायची, खाली आपलं जे असेल ते. काही नसेल तर नुसती ओवी. घड्याळ वाजलं की वही मिटायची, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, आणि खाली उतरून दूध आणायचं. दूध आणायचं हे मॅडमनी मुद्दाम घातलं होतं, पाय जमिनीवर पडले पाहिजेत म्हणून.

सुरुवातीचे बारा-तेरा दिवस तिने फक्त उतरवलं. खाली काही नाही. मला घाई झाली होती पण मॅडम म्हणाल्या थांबा. मग एक दिवस कोठवरच्या खाली तिने लिहिलं, बेड ४. बस. दुसऱ्या दिवशी बेड ११. मग बेड ७, आणि ७ च्या पुढे दोन, म्हणजे एकाच बेडवर एकामागून एक दोन जण. ज्यांच्या कानाला तिने फोन धरला होता त्यांचे ते नंबर. नावं तिला आठवत नव्हती, बेड आठवत होते. असे चौदा झाले. मॅडम म्हणाल्या ही घटना तिने सबंध सांगितलेली नाही, तिने नुसती गिनती केलीय, आणि आत्ता एवढंच पुरेसं आहे.

आमच्या चर्चच्या पंचकमिटीतल्या एका काकांना हे कुठून तरी कळलं. ते म्हणाले बाई, देवाला जाब विचारणारं लिहायला लावताय, आणि हे डायरी लिहिणं वगैरे आपल्याकडचं नाही. मी भांडले नाही पण गप्पही बसले नाही. म्हटलं काका, पंडिता रमाबाईंचे वडील १८७४ ला गेले, मागोमाग आई आणि बहीण, दुष्काळात, उपासमारीत. ते सगळं बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय म्हणून तर आपल्याला माहीत आहे. त्याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, १९२२ ला जाईपर्यंत तेच काम. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय गुजरलं तेही त्यांनीच लिहिलंय, काही लपवलं नाही. आपल्याकडचं नाही तर कुणाकडचं? आणि विलापगीत काढून वाचा, तिसरा अध्याय. रोज सकाळी नवी होणारी दया हे वचन आपण सगळे भिंतीवर लावतो ते बाविसाव्या-तेविसाव्या ओवीतलं, त्याच्या आधी वीस ओव्या नुसती तक्रार आहे, आठवीत तर म्हणतो मी ओरडलो तरी त्याने माझी प्रार्थना बाहेर कोंडली. काकांनी वाचलं असावं. नंतर विषय काढला नाही.

माझ्या तोंडून गेलेलं एक वाक्य

डिसेंबरमध्ये, नाताळच्या आधी, ताईने ते वाक्य लिहिलं ज्याच्याभोवती हे सगळं फिरत होतं. दादाच्या कानाला फोन कोणी धरला?

चौदा परक्या माणसांच्या कानाला हिने फोन धरला आणि सख्ख्या भावाला तसं कुणी मिळालं की नाही हे तिला कधीच कळणार नव्हतं. तिने मला ते पान दाखवलं. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "येशूने धरला गं."

मला हे मनापासून खरं वाटतं. आजही वाटतं. पण त्या क्षणी ते माझ्या तोंडून यायला नको होतं. तिचा चेहरा बंद झाला. हो बाई म्हणाली, चहा केला, आणि पुढचे तीन आठवडे वही उघडली नाही. नाताळच्या उपासनेला आली नाही.

मी मॅडमना फोन करून सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, त्यांनी विचारलं, ते वाक्य कुणासाठी होतं? मी रात्रभर विचार केला. ते माझ्यासाठी होतं. तो प्रश्न तसाच उघडा माझ्या समोर पडून होता आणि मला ते सोसवेना, म्हणून मी त्याच्यावर झाकण घातलं. जानेवारीत मी तिच्याकडे गेले, म्हटलं माझं चुकलं, तो प्रश्न तुझा आणि देवाचा आहे, मी मध्ये पडले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बाई, तुम्ही उत्तर दिलंत तेव्हा असं वाटलं की आता हे विचारायचंसुद्धा नाही."

मुलीने वही वाचली

जानेवारीतच दुसरं झालं आणि ते जास्त भीतीचं होतं. वही फ्रिजवर असायची. मुलीने वाचली. त्यात एके ठिकाणी होतं, उद्या सकाळ झालीच नाही तर बरं. मुलगी दोन दिवस शाळेत गेली नाही, आईच्या मागे मागे फिरत राहिली, शेवटी बापाला सांगितलं.

मॅडमनी त्याच दिवशी ताईला बोलावून सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का, काही ठरवलंयस का. असं सरळ विचारलं तर विचार डोक्यात घातल्यासारखं होईल असं आपल्याला वाटतं, तसं होत नाही, उलट विचारल्याने माणूस बोलतो. ताई म्हणाली ठरवलेलं काही नाही, पण उठू नये असं वाटतं. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला. तिच्याकडच्या जुन्या औषधांचा डबा नवऱ्याने ताब्यात घेतला, नर्सच्या घरात औषधं खूप असतात. रात्री-बेरात्री लागलं तर म्हणून १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर स्वयंपाकघरात लिहून लावला, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

मुलीशीही बोलावं लागलं. तिचं चुकलं असं आम्ही म्हटलं नाही. मॅडमनी तिला आईसमोर सांगितलं की वही म्हणजे आई जे विसरू शकत नाही ते ठेवायची जागा, त्यातलं सगळं ती करणार आहे असं नाही, पण तुला भीती वाटली आणि तू बाबांना सांगितलंस ते बरोबर केलंस. वही मग कुलपाच्या ट्रंकेत गेली, दादाचीच जुनी पत्र्याची ट्रंक होती. एक गोष्ट आणखी ठरली, मी वही वाचायची नाही. तिने स्वतः वाचून दाखवलं तर ऐकायचं, आणि ऐकून झाल्यावर उत्तर द्यायचं नाही.

साक्ष द्यायची का

२०२३ चा लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, २२ फेब्रुवारीला सुरू झाला. ताई तोपर्यंत बरीच सावरल्यासारखी दिसत होती, झोप पाच तासांवर आली होती. सॅनिटायझरवाल्या मुलाला आम्ही दारातून हलवलं, खरं तर हे पाच मिनिटांचं काम सहा महिने आधी व्हायला हवं होतं. ती मागच्या बाकावर येऊन बसायला लागली.

पाळकसाहेबांना आनंद झाला, आणि त्यांनी तिला महिला मंडळाच्या सभेत साक्ष द्यायला सांगितलं. प्रभूने कसं अंधारातून काढलं ते सांग, किती जणांना धीर येईल. त्यांचा हेतू चांगलाच होता, कोविडमध्ये त्यांनी स्वतः किती जणांना माती दिली, त्यांच्यावर काय साचलं असेल. पण साक्षीला एक ठरलेला आकार असतो, आधी मी हरवले होते मग सापडले, आणि ताई अजून मधेच होती. तिने हो म्हटलं असतं तर तिला शेवट रचावा लागला असता.

ती मला म्हणाली मी नाही कसं म्हणू, पाळकसाहेब आहेत. आम्ही दोघी गेलो. मी काही बोलायच्या आतच तिने विचारलं, "पाळकसाहेब, साक्ष नको. शुभ शुक्रवारी चौथ्या वचनाच्या वेळी मी एक स्तोत्र वाचू का?"

आमच्याकडे शुभ शुक्रवारी बारा ते तीन सात वचनांची उपासना होते, प्रत्येक वचनावर एक जण बोलतो. चौथं वचन म्हणजे माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, जे येशूने बाविसाव्या स्तोत्रातून घेतलेलं आहे. पाळकसाहेब थोडा वेळ गप्प राहिले आणि हो म्हणाले. याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

७ एप्रिलला ताईने अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. प्रस्तावना नाही, शेवटी दोन शब्द नाहीत. अंधारावर संपतं तिथे थांबली, शास्त्र मिटलं आणि जागेवर जाऊन बसली. वर पंखे फिरत होते तेवढाच आवाज. बाजाची पेटी वाजवायला बसलेला मुलगा पुढचं गीत सुरू करायचं विसरला. उपासना संपल्यावर तीन बायका तिच्याजवळ आल्या, त्यातल्या एकीचा नवरा त्याच एप्रिलमध्ये गेला होता आणि तिने दोन वर्षांत आमच्यापैकी कुणाजवळही त्याचा विषय काढला नव्हता.

परिणाम

बरी झाली असं लिहिलेलं ताईला आवडलं नाही, तिने ते खोडलं. तिच्याच शब्दांत, आता येतं आणि जातं. डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे गोळी हळूहळू कमी केली. ती कामावर परत गेली पण आयसीयूत नाही, एका ओपीडीत, लसीकरणाला, लहान बाळं येतात. माशांच्या टाकीजवळ अजून बसत नाही. एप्रिल महिना जड जातो, त्या महिन्यात मॅडमकडे एक जादा फेरी आधीच ठरवून ठेवलेली असते.

प्रार्थना हे प्रभूच्या पुढे जाते की नाही हे मी विचारत नाही. तिनेच एकदा सांगितलं की वहीत बेड नंबरांच्या शेजारी ती आता कधीकधी त्यांच्या घरच्यांसाठी एखादी ओळ लिहिते, बाबा म्हणणारी मुलगी आता कॉलेजात असेल, वगैरे. दादाच्या प्रश्नापुढे काही लिहिलेलं नाही. जागा सोडलीय.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी, जीवाचा प्रश्न पहिल्या भेटीतच सरळ विचारीन. मुलीच्या हाती वही लागेपर्यंत आम्ही थांबलो हे मला अजून खुपतं. डॉक्टर आधी, वही नंतर, हेही ठरलेलं असेल. वही कुठे राहणार, कोण वाचणार, लिहिणारीला काही झालं तर तिचं काय करायचं, हे पहिलं पान लिहायच्या आधी बोलून घेईन. ताईच्या बाबतीत घर प्रेमाचं होतं म्हणून निभावलं. ज्या घरात मारहाण आहे, संशय आहे, तिथे अशी वही सापडली तर बाईच्या जिवावर बेतू शकतं, तिथे घरात वही ठेवायला सांगणं मला धोक्याचं वाटतं.

उपकारस्मरण मी सोडलेलं नाही, माझ्या स्वतःच्या वहीत रोज आहे. पण दुसऱ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर मी आता काही लिहीत नाही, कोरी देते.

एका गोष्टीवर माझं आणि मॅडमचं अजून एकमत नाही. सुरुवातीचे बारा-तेरा दिवस नुसतं उतरवण्यात गेले ते मॅडमच्या मते घटनेपासून लांब राहणं होतं, तेव्हा गरजेचं, पण लांब राहणंच. मला वाटतं तेव्हाच काहीतरी होत होतं. जिला स्वतःचे शब्द फुटत नव्हते तिला कुणीतरी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी रडलेल्या माणसाचे शब्द हाताला लागले, आणि ती ते स्वतःच्या अक्षरात गिरवत होती. ताईला विचारलं तर ती म्हणाली मला आठवत नाही, तेव्हा फक्त एवढं होतं की सकाळी उठायला एक कारण होतं, ओवी राहिलीय.

आत्ता चौथी वही चालू आहे. पहिल्या तीन ट्रंकेत आहेत, किल्ली तिच्याकडे, दुसरी किल्ली मुलीकडे, ती आता मोठी झालीय आणि ती ताईनेच तिला दिली. गेल्या शनिवारी ताई आली होती, त्या तीन बायकांपैकी एकीसाठी वही कुठली घेऊ विचारत होती. मी म्हटलं साधी दोनशे पानी. ती म्हणाली, "आणि बाई, सोबत एक छोटं घड्याळ पण घेते."